पडून राहिलेला कूलर

प्रतिभा खैरनारच्या दुकानात कुणी कम्प्युटर बांधून घ्यायला आलं की ती आधी एकच विचारायची, "करणार काय आहात याच्यावर?" अशोकस्तंभाजवळच्या त्या चिंचोळ्या गाळ्यात सोळा वर्षं काढल्यावर तिला कळून चुकलं होतं की माणसं मशीन मागतात शेजाऱ्याकडे बघून आणि त्यांना लागतं भलतंच. ती स्पष्ट सांगायची. "हे नको घेऊ, वाया जाईल," असं म्हणून तिने कितीतरी गिऱ्हाइकं परत पाठवली होती आणि त्यातली बरीचशी फिरून तिच्याकडेच आली होती. म्हणूनच सावळीरामकाकांच्या बाबतीत आपण असं कसं वागलो, हे तिला अजूनही नीट सांगता येत नाही.

सावळीराम काकड म्हणजे पंचवटीतले जुने व्हिडिओ शूटिंगवाले. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या पट्ट्यात एके काळी लग्न म्हटलं की खांद्यावर कॅमेरा घेतलेले काका असायचेच. प्रतिभाच्या थोरल्या बहिणीचं लग्नही त्यांनीच टिपलेलं. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि काकांचा धंदा बसला. पण माणूस बसणारा नव्हता. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटी ते गोळा करू लागले. बुरशी काढायची, फीत सरळ करायची, कॅसेट कम्प्युटरवर उतरवायची आणि मग चित्र साफ करायचं. ते साफ करायचं सॉफ्टवेअर काका सदुसष्टाव्या वर्षी शिकले. जुना कम्प्युटर त्याला पुरेना, म्हणून डिसेंबरात ते प्रतिभाच्या दुकानात आले.

कागदावर सगळं लिहून आणलं होतं त्यांनी. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "प्रोसेसर मोठा घेतोय, तो तापणार. थंड ठेवायला मला आपला साधा कूलर दे. तांब्याच्या नळ्या, पत्रे आणि पंखा. बिघडलाच तर पंखा बिघडेल, तो मीच बदलेन."

काकांनी निवडलेलं बरोबर होतं. आठ-दहा तास सलग राबणाऱ्या आणि घरात एकट्यानेच सांभाळायच्या मशीनला तिनेही तोच सुचवला असता. पण नेमकी तिची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे एक लिक्विड कूलर पडून होता. कुणीतरी मागवला आणि ऐन वेळी नको म्हणाला. त्यालाही चार वर्षं झाली होती. अशा कूलरमध्ये प्रोसेसरवर बसणारा छोटा पंप असतो, त्यातून दोन रबरी नळ्या निघतात आणि जाळीच्या रेडिएटरपर्यंत जातात. मोटारीच्या इंजिनात फिरतं तसं आत पाणी फिरत राहतं. ते सीलबंद असलं तरी वर्षानुवर्षं रबरातून थोडं थोडं उडून जातं. खोकं उघडलं काय न उघडलं काय, त्याचं वय वाढतच असतं. प्रतिभाला हे पक्कं ठाऊक होतं. इतरांना ती हेच सांगायची.

"काका, आता सगळे लिक्विडच लावतात," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या प्रोसेसरला तेच शोभतं."

"पाणी आणि वीज एका डब्यात? नको गं बाई."

"थेंब बाहेर येत नाही हो. आणि आवाज तर नाहीच. कॅसेटमधलं बोलणं ऐकताना तुम्हाला बरं पडेल."

हे शेवटचं तिला आयत्या वेळी सुचलं आणि तेच काकांना पटलं. "तू म्हणतेस तर घाल," ते म्हणाले आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांची पाठ वळल्यावर प्रतिभाने खोकं खाली काढलं आणि फडक्याने धूळ पुसली.

दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं. फेब्रुवारीच्या शेवटी काका हार्ड डिस्क घ्यायला आले तेव्हा खुशीत होते. म्हणाले, "मखमलाबादच्या मंगलाबाई थेट्यांची कॅसेट मिळाली. सुवर्णाच्या, त्यांच्या लेकीच्या लग्नाची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मीच शूट केलेली."

मंगलाबाईंना प्रतिभा ओळखत होती. पंचवटीच्या बाजारात शेवंती आणि झेंडूचे ढीग लावून बसणाऱ्या मंगलाबाई. घरच्या मळ्यातली फुलं. नवरा पुंजा लेकीच्या लग्नानंतर वर्षभरातच गेला, तेव्हापासून मळा त्यांनीच ओढला. घरात पुंजाचा एकच फोटो होता, तोही ओळखपत्रावर असतो तसला, ताठ मानेचा. हलता-बोलता पुंजा होता तो फक्त त्या कॅसेटमध्ये.

"त्यांना काचबिंदू आहे," काका म्हणाले. "एक डोळा गेलाय. दुसराही जातोय. डॉक्टर म्हणाले, जेवढं बघायचं ते बघून घ्या. बाई म्हणाली, मला एकदा त्याला बघायचंय. पण फीत इतकी खराब झालीय की चांगल्या डोळ्यांनाही नुसते मुंगळे फिरल्यासारखे दिसतात. म्हटलं, थांबा थोडं, स्वच्छ करून मोठ्या पडद्यावर दाखवतो. पुंजाच्या मिशीचा केस न् केस दिसेल."

एप्रिलमध्ये काकांचा पहिला फोन आला. तीन तासांची कॅसेट साफ व्हायला एक अख्खा दिवस लागत होता आणि कम्प्युटर मध्येच बंद पडत होता. सुरू केला की पुन्हा पहिल्यापासून.

"उन्हाळा आहे काका," प्रतिभा म्हणाली. "खिडकी उघडी ठेवा, टेबलफॅन लावा मशीनला."

तेव्हा तिला खरंच तसं वाटलं होतं. त्या वर्षी नाशिकही तापलं होतं, दुपारी दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसायचा. पण मेच्या पहिल्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन आला.

"प्रतिभा, टेबलफॅन लावला, खिडकीला ओली चादर लावली. तरी बंद पडतो. आणि आतून खळखळ ऐकू येतं. बाटली हलवल्यासारखं."

प्रतिभाच्या लगेच लक्षात आलं. खळखळ म्हणजे पाणी कमी झालं आणि पंपात हवा शिरली. आता उघडून बघायचीही गरज नव्हती. त्याच दुपारी स्कूटर काढून, साधा कूलर पिशवीत टाकून पंचवटीत जायचं होतं. होळकर पूल ओलांडला की काकांची गल्ली. तासाभराचं काम.

"रविवारी येते काका," ती म्हणाली.

त्या रविवारी ती गेली नाही. एका शाळेची ऑर्डर आली होती, तीस कम्प्युटर जोडायचे होते, हे खरंच होतं. पण ती काही रविवारी जोडत नव्हती. खरं कारण होतं ते खोकं. मशीन उघडली की काका विचारणार, एवढ्यात कसा गेला? आणि खोक्यावर तारीख छापलेली होती. ती आठवली की प्रतिभा दुसरं काहीतरी काम हातात घ्यायची. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत मे गेला, जूनही गेला. काकांनीही पुन्हा फोन केला नाही. त्याचं तिला हायसं वाटलं होतं, ही गोष्ट तिने पुढे कुणालाच सांगितली नाही.

जुलैत एका सकाळी काकाच दुकानात आले. छत्री दाराशी ठेवली आणि गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकत असेल गं. आता या वयात शिकलेलं... तेवढं सवडीने बघशील?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती त्यांच्या घरी पोचली. काकांनी मशीनचं झाकण उघडून ठेवलं होतं, समोर टेबलफॅन, बाजूला घडी घातलेली चादर. प्रतिभाने नळ्यांना हात लावला. एक चटका बसेल इतकी तापलेली, दुसरी गार. पाणी फिरतच नव्हतं. तिने सगळं खोलून बाहेर काढलं, रेडिएटर उचलला, तर आत अर्ध्या भरलेल्या तांब्यासारखं डुचमळलं. तिने तो घाईने पिशवीत टाकला आणि साधा कूलर बसवला. काकांना हवा होता तोच, तांब्याच्या नळ्यांचा.

"पंप गेला होता," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी."

"मी रोज चार-चार वेळा बंद-चालू करायचो," काका म्हणाले. "त्यानेच गेला असेल."

प्रतिभा स्क्रू पिळत राहिली. "नाही" हा एक शब्द होता, पण तो तिच्या तोंडून निघाला नाही.

तीन दिवसांनी काकांचा फोन आला. कॅसेट एका दमात पूर्ण झाली होती. "रविवारी ये. मंगलाबाई येणार आहेत. तू ठीक केलंस म्हणून झालं, तू हवीस."

प्रतिभा गेली. खोलीत काकांनी मोठा पडदा भिंतीला लावला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. सुवर्णा आईचा हात धरून जिन्यावरून वर आली. मंगलाबाई नव्या लुगड्यात होत्या, केस चापून बसवलेले. सुवर्णाने त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतं, भिंतीच्या कोपऱ्याकडे होतं. सुवर्णाने हनुवटीला धरून ते अलगद सरळ केलं.

 प्रतिभाने सुवर्णाकडे पाहिलं.

"जूनमधी गेला दुसरा डोळा," सुवर्णा हलक्या आवाजात म्हणाली. "मे महिन्यात माणूस वळखत व्हती. तोंड पार जवळ नेलं का सांगायची कोन हाय ते. काकांना आम्ही कालच सांगितलं. म्हटलं, आवाज तरी ऐकंल."

काकांनी मान खाली घालून माऊसवर हात ठेवला आणि चित्र सुरू झालं.

काय स्वच्छ चित्र होतं! मांडवाच्या झालरी, पंगतीतले द्रोण, नवऱ्या मुलीच्या हातातला हिरवा चुडा. पण आवाज होता तो सगळा बँडचा. पुंजा पडद्यावर आला तेव्हाही बँडच वाजत होता. त्याचे ओठ हलत होते, त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

"आला का तो?" मंगलाबाईंनी विचारलं.

सुवर्णाने पदर तोंडाला लावला होता. काकांची मान खालीच होती. म्हणून प्रतिभाच म्हणाली, "आले. गुलाबी फेटा आहे. वाढप्यांच्या मागे मागे फिरतायत. बुंदीची परात स्वतःच उचललीय."

"उचलनारच. दुसऱ्याचं वाढनं त्याला पटत नसं. फेटा सुटलाय का?"

"सुटलाय. एक टोक पाठीवर लोंबतंय."

"सकाळपासून सुटत व्हता." मंगलाबाई हसल्या. "मंग?"

प्रतिभा सांगत गेली. पुंजाने व्याह्यांना मिठी मारली. पुंजाने एका म्हाताऱ्याला हाताला धरून पंगतीत बसवलं. मग पाठवणी आली. सगळे गाडीभोवती गोळा झाले आणि कॅमेरा वळता वळता मांडवाच्या मागच्या खांबावर गेला. तिथे पुंजा एकटाच उभा होता. फेट्याचं टोक डोळ्यांना लावलेलं. क्षणभराने त्याला कॅमेरा दिसला, त्याने हात उगारला आणि मग तसाच ओल्या तोंडाने हसला.

प्रतिभा थांबली.

"काय झालं? काय करतोय?"

"रडतायत, मंगलाबाई. खांबामागे उभे राहून."

मंगलाबाईंचे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले. "तो रडला व्हता? मला म्हनला, चुलीचा धूर गेला. मी लय बोलले त्याला त्या दिशी. म्हटलं, पोर चालली अन् तुझ्या डोळ्यात टिपूस नाय." त्या पडद्याच्या दिशेने वाकल्या. "कसा रडला? तोंड कसं झालं व्हतं त्याचं? सांग ना बाई."

प्रतिभाने काकांना चित्र तिथेच थांबवायला सांगितलं. ती उठून पडद्याजवळ गेली आणि पुंजाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मिशीचा केस न् केस दिसत होता. ती म्हणाली, डोळे बारीक झालेत. म्हणाली, खालचा ओठ दाबलाय. म्हणाली, लहान मुलासारखं दिसतंय. प्रत्येक वाक्यानंतर मंगलाबाई मान हलवायच्या आणि वाट बघायच्या, अजून काही येईल म्हणून. प्रतिभाकडे अजून काही नव्हतं. ते तोंड ओळखायला त्याची बायको लागत होती. मेमध्ये तिला ते दिसलं असतं.

सुवर्णा आईला घेऊन रिक्षाने गेली. जाताना मंगलाबाईंनी चाचपडत प्रतिभाचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. ते सोडवून घ्यायचंही तिला धैर्य झालं नाही.

काका खुर्च्या उचलत होते. "माझाच हट्ट," ते म्हणाले. "केस न् केस दाखवतो म्हणालो. मेमध्ये आहे तशीच दाखवली असती, तर धुरकट का होईना, बघितला असता तिने."

आता मात्र प्रतिभाला गप्प बसवेना. तिने सगळं सांगितलं. फळीवर पडलेला कूलर, चार वर्षं, पुसलेली धूळ. मेमध्ये खळखळ म्हटल्याबरोबर कळलं होतं, हेही सांगितलं. बोलताना ती काकांच्या पायांकडे बघत होती.

 हातातली खुर्ची काकांनी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले.

"तीन महिने," ते म्हणाले. "तीन महिने मी रोज त्या सॉफ्टवेअरचं पुस्तक उघडून बघत होतो, माझं काय चुकतंय ते."

"काका, मी मंगलाबाईंकडे जाते. त्यांचे पाय धरते, सांगते त्यांना."

"नाही." त्यांचा आवाज चढला नाही, पण तिने तो असा कधी ऐकला नव्हता. "तिला वाटतंय, डोळे गेले ते नशिबाने आणि तो रडलेला कळला ते आपल्या कृपेने. आज रात्री ती तेवढ्यावर झोपेल. तू तिला सांगणार ते तुझं ओझं उतरावं म्हणून. ते तूच ठेव."

प्रतिभाने मान हलवली. काकांनी चहा विचारला नाही. तिने स्वतःच दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या अडकल्या होत्या, हॉर्न वाजत होते. स्कूटरला चावी लावून ती तिथेच उभी राहिली, गाड्या निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला, तरी बराच वेळ.