उशिरा आलेली साक्षीदार

मैत्रेयी सिंगापूरच्या एका विद्यापीठात कायद्याची संशोधक होती. प्रार्थनेत मुद्दाम व्यत्यय आणणाऱ्याला युरोपातल्या कोणत्या देशात काय शिक्षा होते, यावर ती एक प्रकरण लिहीत होती. जर्मनीत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तिला तोंडपाठ होतं. सिंगापूरचं कलमही.

२०१८च्या बुद्धपौर्णिमेला सेरंगून भागातल्या तिच्या कॉन्डोच्या, म्हणजे गृहसंकुलाच्या, फंक्शन रूममध्ये शेजारच्या शुभदाने घरच्यांसाठी बुद्धवंदना ठेवली होती. बाहेरची अशी मैत्रेयी एकटीच. खुर्च्यासुद्धा तिनेच शुभदाबरोबर लावल्या.

शुभदाचे वडील चंद्रशेखर वंदना म्हणत असताना प्रबोध आत आला. तो त्याच कॉन्डोत राहायचा, आणि मैत्रेयीच्या नवऱ्याचा, शैलेंद्रचा साहेब होता. त्याने माइकची वायर उपटली, टेबलावरची बुद्धमूर्ती उचलून दाराशी चपलांच्या शेजारी ठेवली.

"तुमची ही थेरं तिकडेच ठेवायची. इथे चांगल्या घरची माणसं राहतात," तो मराठीतच म्हणाला.

चंद्रशेखरांनी वाकून मूर्ती उचलली आणि सदऱ्याच्या बाहीने पुसली.

शुभदाने पोलिसांत तक्रार केली. घरच्यांची साक्ष घरच्यांच्याच बाजूची मानली जाईल, म्हणून पाहिलंस तेवढंच सांग, असं ती मैत्रेयीला म्हणाली. मैत्रेयीने हो म्हटलं.

शैलेंद्रचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात नोकरी करण्याचा परवाना, जुलैत संपत होता, आणि नूतनीकरणाचे कागद प्रबोधच्या सहीने जायचे. "मी तुला नको म्हणत नाही," शैलेंद्र म्हणाला. "पण आपल्या जाईची शाळा मध्येच सुटेल, एवढं लक्षात घे."

पोलीस अधिकारी घरी आला, अदबीने बोलला. मैत्रेयीने सांगितलं, की तिला यायला उशीर झाला; ती आली तेव्हा मूर्ती चंद्रशेखरकाकांच्या हातात होती. हे बोलताना तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटलं.

प्रबोधने फंक्शन रूमच्या बुकिंगचा गैरसमज झाल्याचं पोलिसांना सांगितलं. त्याला ताकीद देऊन प्रकरण मिटलं. त्याच संध्याकाळी शैलेंद्रच्या फोनवर प्रबोधचा मेसेज आला: वहिनींना धन्यवाद सांग. पुढे पासही वाढवून मिळाला.

शुभदा भांडायला आली नाही. दोन महिन्यांत ती वडिलांना घेऊन वुडलँड्सला राहायला गेली.

वर्षभराने बिशान स्टेशनवर दोघी समोरासमोर आल्या. मैत्रेयीने काकांची चौकशी केली.

"बरे आहेत," शुभदा म्हणाली. "वंदना आता घरातच म्हणतात. खिडक्या लावून."

मैत्रेयीला माफी मागायची होती. पण गाडी आली, आणि शुभदा मागे न बघता आत चढली. मैत्रेयीलाही त्याच गाडीने जायचं होतं. ती पुढच्या गाडीसाठी थांबली.