निरोगी माणूस क्रमांक सात

चौदा वर्षांत विद्याच्या हातून रक्ताची एकही नळी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. बंगळुरातल्या मल्लेश्वरममधल्या एका लहानशा इस्पितळाच्या लॅबमध्ये ती कामाला होती. नळीवर नाव, तारीख, वेळ घातल्याशिवाय ती टेबलावरून हलत नसे. त्यामुळे डॉक्टर भीमसेन कुलकर्णी जेव्हा म्हणाले, "विद्याबाई, सात नंबरच्या नळीत घोटाळा झालाय," तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टर मूळचे बेळगावचे. साल १९९८. घोरण्याला कुणी आजार म्हणत नव्हतं, तेव्हा त्यांनी एक अभ्यास काढला होता. झोपेत ज्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडतो, अशा वीस रुग्णांच्या रक्तात सीआरपी मोजायचं. शरीरात कुठे सूज असली की रक्तात वाढतं, ते हे सीआरपी. ताडून बघायला दहा निरोगी माणसंही हवी होती. आता निरोगी माणसं इस्पितळात कशाला झक मारायला येतील? नऊ कशीबशी मिळाली. दहावा म्हणून विद्याने आपल्या नवऱ्यालाच आणून बसवलं आणि रिकामा राहिलेला सात नंबर त्याला दिला.

व्यंकोजी सेहेचाळीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीची बस चालवणारा. मान अशी की शर्टाचं वरचं बटण लग्नातसुद्धा लागलं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. त्याचा फॉर्म विद्यानेच भरला. 'झोपेची काही तक्रार?' यापुढे तिने ठसठशीत 'नाही' लिहिलं. तक्रार कसली? पाठ टेकली की हा घोरायला लागे, आणि घरात त्याचं कौतुकच होतं. सासूबाई, सोयराबाई, तर आल्यागेल्याला सांगत, "बापावर गेलाय. त्यांचंबी असंच. बावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. पुण्यवान माणूस! कुणाकडं घोटभर पाणी मागितलं नाही."

बाकी नऊ निरोग्यांचे आकडे दोनच्या आत होते. सातव्याचा अकरा.

"रुग्णाची नळी तिथे गेली असणार. होतं असं," डॉक्टर म्हणाले. "रजिस्टरात 'अदलाबदल' लिहा आणि हा बाद करा. विषय संपला."

"न झालेली चूक मी लिहिणार नाही, डॉक्टर."

डॉक्टर चांगले होते, हसले. पण विद्या हसण्यावारी नेणारी नव्हती. तिने पंधरा दिवस जाऊ दिले आणि व्यंकोजीला पुन्हा पकडून आणलं. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत सुई टोचली, नळीवर नाव त्यांनाच घालायला लावलं. आकडा आला साडेदहा. तिने कागद टेबलावर ठेवला तो असा, की आता माफी मागा.

डॉक्टरांनी माफी मागितली. मग विचारलं, "दात दुखतो का यांचा? सांधे? कुठे जखम?"

"काही नाही."

"रक्त एवढंच सांगतं की आत सूज आहे. कुठे, कशाने, ते काही सांगत नाही." त्यांनी सात नंबरचा फॉर्म पुढे ओढला. "हे घोरतात का हो?"

"घोरतात की. झोप गाढ आहे त्यांची."

"आणि मध्येच एकदम गप्प होतात?"

चौदा वर्षं विद्याने रुग्णांच्या नळ्या पाहिल्या होत्या. त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"रविवारी जेवून हे झोपले की घड्याळ घेऊन बसा," डॉक्टर म्हणाले.

रविवारी मटणाचा सारू आणि भात जेवून व्यंकोजी चटईवर आडवा झाला. विद्या भिंतीला टेकून बसली. घोरणं सुरू झालं, चढलं आणि थांबलं. एरवी या शांततेत ती सुटकेचा निःश्वास टाकत असे. आज तिने त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती उचलली जात होती, पोट ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून वारा काही जात नव्हता. दहा सेकंद. वीस. अडतीस सेकंदांनी तो बुडता माणूस वर यावा तसा धडपडून हुंकारला आणि पुन्हा घोरू लागला. जागा झालाच नाही. अर्ध्या तासात असं एकोणीस वेळा झालं.

"काय मोजतेस गं?" सोयराबाई दारातून म्हणाल्या.

"श्वास."

त्या येऊन शेजारी बसल्या. बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "तेबी असेच थांबायचे. मला वाटायचं, आता कुठं शांत झोप लागली." पुण्यवान हा शब्द त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

उठल्यावर व्यंकोजी म्हणाला, "झकास झोप झाली." विद्याने सगळं सांगितलं. त्याने हात उडवला. "अय्यो! स्वल्प घोरलं म्हणून काय माणूस मरतो? आणि तुझ्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं, की माझी बसची चावी गेली. मग?"

"श्वास अडला की झोप पुरी होत नाही. बस चालवताना कधी डोळा लागतो?"

"छे!"

विद्या त्याच्या खुंटीवरच्या खाकी शर्टाकडे बघत होती. रोज डब्याबरोबर तो दोन हिरव्या मिरच्या मागून घेई. त्या डब्यात ठेवत नसे, शर्टाच्या खिशात ठेवी. तिला वाटे, तिखटाची आवड.

"मिरच्या कशाला लागतात हो तुम्हाला?"

व्यंकोजीने खुंटीवरचा शर्ट काढून घेतला. मग म्हणाला, "होसूर रोडला सरळ रस्ता लागतो. तिथं चावतो."

"रोज?"

"रोज."

"मागं किती माणसं असतात?"

"बेचाळीस," तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

सोमवारी सकाळी विद्याने डबा भरला आणि सवयीने दोन मिरच्या शेजारी ठेवल्या. व्यंकोजीने त्या उचलल्या, खिशापर्यंत नेल्या आणि पुन्हा टोपलीत टाकल्या. "आज नको. आज चावी देऊन येतो. मग तुझ्या डॉक्टरकडं. सरी? ठीक ना?"

"सरी," ती म्हणाली.

लॅबमध्ये पोचल्यावर तिने आधी रजिस्टर उघडलं. निरोग्यांच्या पानावरचं व्यंकोजीचं नाव खोडलं आणि पुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'क्रमांक सात चुकीच्या यादीत घातला. चूक माझी.' खाली सही केली, तारीख घातली आणि वेळ घातली.