तिसऱ्या तारेची खरखर

भिंगरीला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. शाळेच्या पटावर नाव वेगळं होतं, पण पायाला भिंगरी लावून जन्मलेल्या मुलीला घरात दुसरं काय म्हणणार? त्या शनिवारी मात्र तिला एका जागी बसावंच लागणार होतं.

तिच्या आत्याचं गिटार दुरुस्तीचं दुकान होतं. सुट्टी लागल्यापासून भिंगरी तिथेच पडीक. तारा चढवायला शिकली, खुंट्यांना तेल द्यायला शिकली, गिटारीच्या मानेवरचा मळ काढायला शिकली. इकडे आईने गणिताचा वर्ग ठरवून ठेवलेला. बरीच रडारड झाली आणि शेवटी आई म्हणाली, "शनिवारी संध्याकाळपर्यंत एक गिटार एकटीने दुरुस्त करून गिऱ्हाइकाच्या हातात दे. मग राहा सुट्टीभर आत्याकडे. नाहीतर सोमवारपासून मुकाट्याने वर्गाला."

आत्याने तिच्यापुढे गाणंमास्तरांची गिटार ठेवली. मागच्याच आठवड्यात मास्तर तारा बदलून घेऊन गेले होते. आता तिसरी तार छेडली की कुठेतरी खरखर व्हायची, डबीत माशी अडकल्यासारखी.

"आधी शोध, मग हत्यार," आत्या बजावून गेली. तिला वखारीतून लाकूड आणायचं होतं.

भिंगरीने तार छेडली. गिटारीच्या पोटाला कान लावला, पाठीला लावला. खरखर सगळीकडून येत होती आणि कुठूनच येत नव्हती. तिने घड्याळ पाहिलं. दाराशी जाऊन आली. पाणी प्यायली. पुन्हा घड्याळ.

मानेच्या टोकाशी हाडाची एक बारीक पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. नटाच्या खाचांत तारा बसतात, आणि खाच खडबडीत असली तर तार खरखरते, हे तिने आत्याच्या तोंडून ऐकलं होतं. बस, हेच असणार! तिने तार बाजूला सारली, बारीक कानस घेतली आणि खाच घासली. तार बसवून पाहिली. खरखर होतीच. आणखी घासली. मग जरा आणखी.

या वेळी तार छेडली तर सूरच उमटला नाही. खाच इतकी खोल गेली होती की तार पहिल्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर, आडवी पडून फडफडत होती. भिंगरीने कानस टेबलावर टाकली.

आत्या आली. तिने गिटार पाहिली, टेबलावरची कानस पाहिली.

"शोधलंस?"

"नाही... घासलं."

आत्याने शेजारची तार छेडली. तीही जराशी खरखरली. मग खुंट्यांपाशी तारांची वेटोळी शेपटं बाहेर आली होती, ती चिमटीत धरून तिने पुन्हा छेडली. आवाज स्वच्छ! शेपटं एकमेकांना घासत होती, एवढंच.

"तारा चढवल्यावर ही कापायची कोणी?"

भिंगरीचे कान लाल झाले. तारा तिनेच चढवल्या होत्या.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" आत्या हसली. "बरं, चेहरा असा पाडू नकोस. काढलेलं हाड परत उगवत नाही, पण खाच भरता येते. कर सुरुवात."

भिंगरीने शेपटं कापली. हाडाच्या एका तुकड्याचा भुगा केला, दोन नळ्यांतला गोंद त्यात कालवला आणि टाचणीच्या टोकाने खाच भरली. या वेळी हात सावकाश चालला.

"आता रात्रभर हात लावायचा नाही. सुकलं की खाच पुन्हा कोरायची," आत्या म्हणाली.

"रात्रभर? पण आज शनिवार आहे!"

"गोंदाला सांगून बघ."

भिंगरीने गोंदावर फुंकर मारली. खिडकीतल्या उन्हात गिटार सरकवली. बोट लावून पाहिलं. वरून कडक लागत होता. तेवढ्यात मास्तर दारात हजर.

"झाली का गं आमची गिटार?" त्यांनी खाच पाहिली. "सुकलंय की! दे, संध्याकाळी कार्यक्रम आहे."

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. आत्या फळीवरची धूळ झटकत राहिली, जणू दुकान तिचं नव्हतंच.

द्यायची तर आत्ताच. खाच जराशी कोरून तार चढवायची, हातात ठेवायची, की सुट्टी आपली! पण तार ताणली की कच्चा गोंद दबणार आणि भर कार्यक्रमात ती पुन्हा फडफडणार.

"नाही देता येत," ती घाईघाईने म्हणाली, न जाणो मत बदललं तर. "मी खाच जास्त घासली. चूक माझी आहे. भरलीय, पण आतून ओली आहे."

"अगं, मग मी वाजवू काय, टाळ्या?"

आत्याने भिंतीवरची आपली गिटार काढून त्यांच्या हातात दिली. मास्तर कुरकुरत गेले.

थोड्या वेळाने आई आली. "काय वन्सं, दिली का हिने?"

"नाही दिली," भिंगरीच म्हणाली, आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं.

आईने ऐकून घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण शब्द काही फिरवला नाही. "सोमवारी आठ वाजता वर्ग."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते पुसायचं सोडून ती म्हणाली, "आत्या, उद्या खाच पुन्हा कोरायची ना? कितीला येऊ?"

"उद्या रविवार. दुकान बंद असतं."

"मग?"

"मग मागच्या दाराने ये. आणि वहिनी, हिला जरा उशिरा उठवा हो, नाहीतर पहाटेच येऊन माझं दार खडखडवेल."