गुंजांचा अणू

…गुंज बोटांतून निसटली, टेबलावरून घरंगळली, आणि सावित्रीबाईंनी ती तळव्याखाली दाबली — लाल, काळ्या डोळ्याची, एवढीशी. गाभा लाल मातीचा, कड्या माडाच्या झावळीतून काढलेल्या लवचिक हिरांच्या, त्यांवर मेणाने चिकटवलेल्या गुंजा, आत दोन, बाहेर चार: कार्बनचा अणू. आठवीची मुलं माना घालून आपापला अणू करत होती. खिडकीतून मालवणचं बंदर दिसायचं, म्हणून त्यांनी खुर्ची कधीच पाठमोरी करून टाकली होती — मंगळूरहून कौलं घेऊन निघालेलं नवऱ्याचं गलबत दोन वर्षं झाली तरी आलं नव्हतं…

सकाळी सासरे, दाजी, पेजेचा वाडगा बाजूला सारून म्हणाले होते, "गो सावित्री, येत्या अमाशेक दर्भाचो पुतळो करून अग्नी देवया. माझ्या झिलाक गती नको?" प्रेत मिळालं नाही की असंच करतात, गवताचा माणूस, डोक्याच्या जागी नारळ… आणि मग कपाळावरचं कुंकू पुसायचं. नारळ! सावित्रीबाईंना म्हाताऱ्याचा राग आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं. त्यांनी छत्री उचलली आणि शाळेची वाट धरली.

"बाई," दांडी वाडीतली गंगू उभी राहिली, "अणू कोणी बघलेलो आसा?"

"नाही."

"मगे ह्यो खोटोच मां?"

"खोटा नव्हे गं. जे दिसत नाही ते हातात धरता यावं, म्हणून…" वाक्य तिथेच अडलं. आपल्या तोंडून दाजीच बोलले की काय!

पण नमुन्यात सगळं कुठे येतं? ह्यांचा कान — लहानपणी मासे धरताना गळ लागून पाळी फाटलेली, त्या खाचेवरून बोट फिरवायचे मी… ती खाच नारळाला कुठून असणार? हे दाजींना ठणकावून सांगायचं. डावा कान. की उजवा? सावित्रीबाईंनी डोळे मिटले. खाच बोटाला आठवत होती. चेहराही समोर आला, पण कान दोन्ही सारखेच, धड…

घंटा झाली. पुढच्या वर्गाला माती हवी, म्हणून मुलं अणू मोडून गोळे बादलीत टाकू लागली.

"बाई, तुमचो मोडू?" गंगूने विचारलं.

त्यांना ऐकूच आलं नाही. कोणता कान ते दाजींना ठाऊक असणार. घरी जाऊन विचारावं लागेल… आणि विचारलं की आपण विसरत चाललो, हे म्हातारा ओळखेल. त्यांनी खुर्ची बंदराकडे फिरवली, आणि आधी स्वतःचा एक कान चाचपला, मग दुसरा.