वापरून झालेलं नाव

नाव देऊन टाकण्यात मालकचा तोटा काहीच नव्हता. त्या नावापायी चाललेली थट्टा थांबणार होती, नव्या पाटीला जागा मोकळी होणार होती, आणि वर बहिणीवर उपकार केल्याचं समाधान फुकटात पदरात पडणार होतं. एवढा नफा समोर दिसत असला की माणसाला धीर धरवत नाही. म्हणूनच थोरली ओठ हलवत तारेचे वेढे मोजत होती, नेमकं तेव्हा तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला,

"ताई, पोरीला आपल्या आजोबांचं नाव ठेव."

तिचा हात थांबला. आकडा गेला. वेढे मोजत असताना थोरलीशी बोलायचं नाही, हे वर्कशॉपमध्ये झाडलोट करणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. तिनं चाक उलटं फिरवलं आणि गुंडाळलेली तार परत सोडवायला घेतली.

"ऐकलंस का? आजोबांचं नाव. तुला लहानपणापासून हवंच होतं ना? घे मग. मी माझ्या पोराला ठेवत नाहीये."

"का?"

"का म्हणजे? आता ते मुलींचंच झालंय."

मालक हे त्याचं घरातलं नाव. रांगायच्या आधीपासून सगळे त्याला मालकच म्हणत, आणि त्यात गंमत कमी, माहिती जास्त होती. वर्कशॉप आजोबांनी काढलं. जळालेल्या पंपाच्या मोटारी उघडायच्या, आतली करपलेली तार ओढून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, असं काम. भरून झालेल्या प्रत्येक मोटारीला पितळेचा बिल्ला लागायचा आणि बिल्ल्यावर आजोबांच्या नावाचा ठसा. हा बिल्ला असलेली मोटार लवकर जळत नाही असं गिऱ्हाइकं सांगत. घरातला नियम असा की ज्याचं नाव, त्यानंच ठसा मारायचा. आजोबा गेल्यावर काही वर्षं वडिलांनी, अप्पांनी, तो मारला, पण चोरासारखा. "मी नुसता राखणदार," ते म्हणायचे. "नाव पहिल्या नातवंडाचं."

पहिलं नातवंड थोरली निघाली. मग नातवंड म्हणजे नातू असं ठरलं, आणि मालक जन्मून ते त्याला लागेपर्यंत नाव सहा वर्षं खुंटीला टांगून राहिलं. मुलीसाठी कोणी काही ठरवलंच नव्हतं, म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं सुचवलं ते तिला लागलं. आठ वर्षांची असताना तिनं एकदा अप्पांना विचारलं होतं, ते नाव मला का नाही ठेवलं? अप्पा मनापासून हसले होते. "अगं, ते नाव पेलायला छाती लागते."

पुढे तिनं मोटारी भरायला शिकून घेतलं. मालकला ते जमेना. त्याला वेढे मोजायचा कंटाळा. त्यामुळे दिवसभर ती भरायची आणि संध्याकाळी तो येऊन बिल्ल्यावर एक घाव घालायचा. त्या एका घावावर मालकची ख्याती होती. "तुमच्या हाताला यश आहे," असं लोक त्याला म्हणायचे, तेव्हा तो लाजून खाली बघायचा, आणि खाली थोरली बसलेली असायची.

मग ती मालिका आली. तिच्यातली वकिलीण रोज रात्री कोर्टात पुरुषांची बोलती बंद करायची आणि नाव तिचं हेच. लेखकानं सहज ठेवलं असेल. पण वर्षभरात पाळणाघरात त्या नावानं हाक मारली की तीन-तीन पोरी वळून बघू लागल्या. पोराला ते नाव ठेवायची कोणाची छाती होईना, अगदी ज्यांच्याकडे छातीच छाती होती त्यांचीही.

"डेअरीच्या मॅनेजरचा फोन आला परवा," मालक म्हणाला. "म्हणतो, मॅडमना द्या. मी म्हटलं, मीच बोलतोय. तर हसतच सुटला."

"मग? मोटार परत नेली त्यानं?"

"नाही नेली. पण हसला."

"हसण्यानं मोटार जळते का?"

"तुला नाही कळायचं ताई. तुझ्या नावाला कधी कोणी हसलंय?"

"माझं नाव कुठे लिहिलेलंच नाही. हसतील कशाला?"

मालकला हे उत्तर विनोदी वाटलं. तो टेबलावर बसला, थोरलीच्या तारेच्या रिळावर पाय टेकवून, आणि त्यानं आपल्या तीन आठवड्यांच्या मुलासाठी निवडलेलं नाव तिला सांगितलं. ज्याला कोणी हरवू शकत नाही तो, असा अर्थ. उच्चारताना दात आवळावे लागत. "इंटरनेटवर बघितलं. मुलांच्या नावांत सध्या सगळ्यात वर. कडक आहे. हे मुलींचं व्हायची भीतीच नाही. पाटीसुद्धा त्याच नावानं करायला टाकलीय. रविवारी सगळ्यांना बोलावून पोराचं नाव आणि पाटी एकदमच. बिल्लेही नवे."

"आणि जुनं नाव मला."

"मग काय! घरातल्या घरात राहतं. वाया जात नाही."

दादल्यानं सोडलेला सदरा बायकोनं पोछ्याला घ्यावा, तसं. थोरलीनं तार पूर्ण सोडवली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली. या वेळी ओठ हलत नव्हते. जे नाव तिला पेलणार नव्हतं, ते आता याला हलकं वाटत होतं. मधल्या काळात त्या नावाचं वजन गेलं कुठे? कोणी चोरलं? चार पोरींनी हात लावला, एवढंच झालं होतं. तार तिच्या बोटांत इतकी ताणली गेली की तुटली.

संध्याकाळी ती पोरीला नवऱ्याकडे ठेवून अप्पांकडे गेली. मालक आधीच येऊन बसला होता. अप्पा खुर्चीत पाय वर घेऊन, खाली वर्तमानपत्र पसरून, पायाची नखं कापत होते.

"मालक म्हणाला मला," ते मान वर न करता म्हणाले. "चांगलं सुचलं त्याला. बाबांचं नाव राहील."

"घेते ना नाव," थोरली म्हणाली. "पण अप्पा, ते नाव या घरात एकटं कधी आलेलं नाही."

"म्हणजे?"

"याला ठेवलंत तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणालात? नाव तुझं, ठसा तुझा, दुकान तुझं. हा अंगठा चोखत होता. मी दाराशी उभी होते, मला पाठ आहे. आता नाव माझ्या पोरीचं. मग निम्मं दुकान तिच्या नावानं लावा. सगळं मागत नाही."

मालकनं अप्पांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ताई, काहीतरीच काय! नाव म्हणजे हाक मारायला असतं. त्याचा आणि दुकानाचा काय संबंध?"

"मग तुला हाक मारली तर दुकान कसं आलं?"

"ते अप्पांनी दिलं."

"कशावर दिलं? तू मोटार भरून दाखवलीस म्हणून?"

"आता तेवढ्यावर आलीस का? बोलून दाखव एकदाचं. सगळं मीच करते म्हण."

"मीच करते," थोरली म्हणाली. "झालं? बोलले."

वीस वर्षांत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारल्यावर ते इतकं लहान निघालं की मालकला हसावं की चिडावं हे कळेना.

"बाई," अप्पा सावकाश म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा ते नाव वेगळं होतं."

"नाव तेच आहे अप्पा. फक्त मुली त्या नावाला ओ द्यायला लागल्या."

अप्पांनी उरलेलं एक नख कापलं. त्यांना विचार करायला तेवढा वेळ पुरला.

"तुझं असं असेल ना, तर मग राहू दे. कोणालाच नको. बाबांचं नाव होतं, बाबांबरोबर गेलं असं समजू. बंद करू ते."

मालकनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. थोरली अप्पांकडे बघत राहिली. ज्या नावाचा उच्चार करताना हा माणूस आयुष्यभर ताठ बसत आला, ते नाव त्यानं आत्ता, बसल्या बसल्या, मातीत घातलं होतं. का, तर त्याच्या मागोमाग दुकानाचा एक कोपरा मुलीकडे जाईल म्हणून. ती मोठ्यानं काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात अप्पांनी नखांसकट कागदाची घडी घातली आणि नेहमीच्या सवयीनं तिच्यापुढे धरली.

"हे टाक जरा जाता जाता."

तिनं ते घेतलं. टाकलंही. रस्त्यावर आल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की घराचं वळण मागे राहिलं आणि ती पुढच्या चौकापर्यंत चालत गेली.

"तुम्ही बंद करा," तिनं नवऱ्याला सांगितलं, जणू तोच अप्पा होता. "बघतेच मी कसं बंद होतं ते. बुधवारी जाऊन नोंदवून येऊ."

नवरा चष्म्याच्या दुकानात काच घासायचं काम करायचा आणि घरात आवाज चढला की आपलाच चष्मा पुसत बसायचा. "ठीक आहे," तो म्हणाला. "मला ते नाव आवडतंच."

बुधवारी नोंदणीच्या कचेरीत रांग फार नव्हती. रांगेत उभी असताना थोरली मनात वाक्यं जुळवत होती. कारकून म्हणेल, बाई, हे तर पुरुषाचं नाव. मग ती म्हणेल, कोण म्हणतं? माझ्या आजोबांचं आहे, त्यांच्या पहिल्या नातवंडाला मिळायला हवं होतं, ते आता त्या नातवंडाच्या मुलीला मिळतंय. मग तो काही बोलला तर त्याचंही उत्तर तयार होतं. गेल्या तीन दिवसांत तिनं अप्पांना, मालकला, डेअरीच्या मॅनेजरला आणि दवाखान्यातल्या त्या नर्सलाही उत्तरं देऊन ठेवली होती.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

तिनं सांगितलं. खणखणीत आवाजात, मागच्यांनाही ऐकू जाईल असं.

कारकुनानं मान वर केली नाही. "मुलगी," तो स्वतःशीच म्हणाला आणि टाइप करू लागला. "हे नाव तर आता डोळे मिटूनही टाइप होतं माझ्याकडून. सकाळपासून दोन झाल्या. गोड नाव आहे."

थोरली उभीच राहिली. भांडायला बाह्या सरसावून यावं आणि समोरच्यानं दार उघडून खुर्ची द्यावी, तसं तिचं झालं. कोणी अडवतच नव्हतं. जे नाव दाराशी उभं राहून तिनं दुसऱ्याला मिळताना पाहिलं होतं, ते इथे खिडकीवर मागेल तिला मिळत होतं, आणि वर गोड म्हणत होते. हे घेऊन घरी गेलं तर मालक खूशच होईल. म्हणेल, बघ, मी सांगितलंच होतं. तिला वाटलं, आपल्याला काही मिळायचं असेल तर आधी त्याची किंमत कोणीतरी उतरवून ठेवतं.

"थांबा," ती म्हणाली. "ते नको."

"नको? अर्धं टाइप झालं की."

"खोडा. दुसरं सांगते."

आणि तिनं दुसरं सांगितलं. दात आवळावे लागले.

कारकुनानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं.

"बाई, हे मुलाचं नाव आहे."

"माहीत आहे."

"सगळे मुलांनाच ठेवतात हे."

"म्हणूनच."

नवरा पुढे झाला, दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, ते तर रविवारी मालक त्याच्या..."

"रविवार अजून यायचाय."

"आपल्याला त्या नावाचं काय? तुझं भांडण आहे, पोरीचं काय?"

याचं उत्तर तिनं जुळवून ठेवलेलं नव्हतं.

"विचार करा," कारकून म्हणाला. आता त्याला गोडी वाटू लागली होती. "शाळेत, दवाखान्यात, जिथे जाईल तिथे समजावत बसेल बिचारी. मोठी झाली की तुम्हालाच शिव्या देईल."

"देईल तर देईल. मला द्यायच्या तिनं. लिहा तुम्ही."

त्यानं लिहिलं. एकेक अक्षर शोधत, कारण मुलगी या रकान्यापुढे ते नाव लिहायची त्याच्या बोटांना सवय नव्हती.

कचेरीच्या पायऱ्यांवरूनच तिनं मालकला फोन लावला आणि सांगितलं. पलीकडून सगळं एकदम आलं.

"वेड लागलंय का तुला? पाटी रंगवून झालीय! बिल्ले आलेत! आता मी पोराला काय ठेवू? घरात ताईच्या मुलीचं नाव, तेच माझ्या पोराला? लोक काय म्हणतील?"

"हसतील," थोरली म्हणाली.

"अगं पण आता ते मुलीचं नाव झालं!"

"झालं खरं. पण पाटी लाव तू. चांगली रंगवली असेल. माझ्या पोरीचं नाव आहे, मला आवडेल."

त्यानं फोन आपटला. ती पायरीवर बसली. तिला वाटलं होतं तेवढं हलकं मुळीच वाटत नव्हतं. नवरा शेजारी बसला, आणि त्यानं पोरीला न उठवता या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

हिशेब काढायचा तर मालकचा गेला तो पाटीचा रंग आणि थोडंसं पितळ. आठवडाभरात त्याला दुसरं नाव सापडलं असतं, त्याला सगळंच सापडत आलं होतं. अप्पांना काहीच पडलं नाही. त्यांनी जे दिलं नव्हतं ते अजून त्यांच्याकडेच होतं. थोरलीच्या हाती दुकानाचा चिरासुद्धा लागला नाही, आणि राग खर्च करूनही शिल्लक तेवढाच दिसत होता. उरलेलं सगळं देणं, आयुष्यभराच्या हप्त्यांनी, दोन महिन्यांच्या त्या पोरीवर चढलं होतं, आणि ती बापाच्या सदऱ्यावर लाळ गाळत गाढ झोपली होती.