मिशाळ किड्याचं म्हणणं

मी किडा बोलतोय. मेस्काल म्हणजे मेक्सिकोतली घायपाताची दारू, तिच्या बाटलीत तळाशी पडलेला असतो ना, तोच. बघा, हसा, फोटो काढा, सगळेच काढतात. पण आज माझं डोकं फिरलंय. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं.

पहिली गोष्ट, मी किडा नाहीच. मी पतंगाचं पोर. आईने घायपाताच्या बुडाशी अंडी घातली, मी मुळांत शिरलो, गोड गर खाऊन लालबुंद झालो. आणखी थोडी सवड मिळाली असती तर पंख फुटले असते मला. ओआहाकाच्या माळावरून उडालो असतो!

पाऊस झाला की तिथल्या बायका कुदळी घेऊन निघतात. मुळं उकरून आम्हाला काढतात, तव्यावर खरपूस भाजतात, मीठ-मिरची लावून मक्याच्या भाकरीत गुंडाळून खातात. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. भूक लागली, खाल्लं, विषय संपला. माझ्या भावंडांचं तसं सोनं झालं. मला मात्र एका व्यापाऱ्याने उचललं आणि बाटल्या भरायच्या कारखान्यात नेऊन घातलं.

तिथे चिमट्याने धरून मला दारूत सोडलं. गुदमरून मेलो, रंग उतरून पांढराफटक पडलो. वर बाटलीला माझं चित्र चिकटवलं. डोक्यावर भलीमोठी टोपी आणि ओठांवर झुपकेदार मिशा. अहो, मला ओठ तरी आहेत का?

मग त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजारात मांडून ठेवलं. विकणाऱ्याच्या जिभेला काही लगाम? “घ्या साहेब! किडा सडला नाही, म्हणजे माल अस्सल! हा गिळा, बायको घराबाहेर सोडणार नाही! देव दिसतो, देव! पूर्वजांची रीत आहे आमची!”

कुठले पूर्वज आणि कसली रीत! इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुणी घरच्या मेस्कालमध्ये किडा टाकलाय? ही अक्कल बाटल्या खपवणाऱ्यांची. आणि सडलो नाही म्हणे! कडक दारूत बूट टाका, बूटही सडणार नाही. देव दिसत असेल तर तो अख्खी बाटली रिचवल्यामुळे दिसत असेल. माझ्यात काहीही नाही. थोडा गर होता, तोही दारूत उतरून गेला.

हे सगळं ऐकून ज्याने मला विकत घेतलं, तो आबुंदिओ. शहरात ट्रक चालवतो, बोलायला लागला की थांबत नाही. त्याचा भाचा एलेउतेरिओ नेमका उलटा. वीटभट्टीवर राबणारा, खांद्याने भक्कम, पण चार माणसांत उभा केला की दातखीळ बसते. त्याच्यासाठी मागणी घालायला जायचं होतं नातिविदादकडे. मुलगी गोड, दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं.

ती बाजारातच भेटली, पाववाल्यांच्या रांगेत. मी एलेउतेरिओच्या पिशवीत होतो, सगळं ऐकलं.

“मामांना बोलायचं ते बोलू दे,” ती म्हणाली. “पण बाबांसमोर एकदा तरी तू स्वतः माझं नाव घे. उद्या भांडण झालं, पोर आजारी पडलं, तर काय मामांना बोलवायचं? नाही बोललास, तर मी हो म्हणणार नाही. आधीच सांगते.”

“बोलीन,” एलेउतेरिओ म्हणाला. एवढंच. पण म्हणाला.

आज दुपारी गेलो आम्ही. टोपलीभर पाव, चॉकलेट, फुलं, पाय बांधलेले दोन टर्की, आणि मी. आता या आबुंदिओची अक्कल बघा. नातिविदादचा बाप क्रेसेन्सिओ स्वतः मेस्काल गाळतो. अंगणात खड्ड्यात घायपात भाजत होतं, धूर डोळ्यांत जात होता. अशा घरी बाजारची किडेवाली बाटली!

क्रेसेन्सिओने आपला मेस्काल तुंब्याच्या वाट्यांत ओतला, सगळ्यांनी चार थेंब जमिनीला दिले, घोट घेतला. तेवढ्यात आबुंदिओने मला टेबलावर आपटलं.

“हे काय?”

“खास तुमच्यासाठी, क्रेसेन्सिओभाऊ! किडेवाला!”

“माल बिघडला की वास झाकायला टाकतात किडा. माझ्या घरात झाकण्यासारखं काय दिसलं तुम्हाला?”

आबुंदिओ खी खी हसला. दुसरं कुणीच हसलं नाही.

“जाऊ दे,” क्रेसेन्सिओ म्हणाला. “मुलगा काय म्हणतो?”

“मुलाचं काय, मीच सांगतो ना—”

“मी मुलाला विचारलं.”

सगळे एलेउतेरिओकडे बघायला लागले. पोराच्या कपाळावर घाम आला. स्वयंपाकघराच्या दारात पडदा होता. तो धरून नातिविदाद उभी होती.

“थांबा, थांबा, त्याला जरा धीर देऊ!” म्हणत आबुंदिओने बाटलीचं बूच काढलं, ती वाटीत उपडी केली, बूड थोपटून थोपटून मला बाहेर काढलं. “गीळ! मर्द हो! आणि मग बोल घडाघडा!”

एलेउतेरिओने माझ्याकडे पाहिलं. नातिविदादने पडद्याआडून मान हलवली, नको. मी ओरडत होतो, अरे गाढवा, नको, माझ्यात काही नाही! मेलेल्याचं कोण ऐकतो? त्याने डोळे मिटले आणि मला गिळलं.

मग सगळे तो बोलेल म्हणून थांबले.

“तोंडात किडा गेला,” नातिविदाद म्हणाली, “बाहेर शब्द काही आला नाही.”

क्रेसेन्सिओने बायकोला खूण केली. ती आणलेले पाव टोपलीत परत भरायला लागली. टोपली परत गेली म्हणजे मागणी नाकारली, हे इथे पोरासोरांनाही कळतं.

आणि हा आबुंदिओ काय म्हणाला असेल? “किडा नकली निघाला हो! पुढच्या खेपेला दोन किड्यांची बाटली आणतो!”

अरे मेल्या! माझ्यावर खापर फोडतोस? जन्मभर तूच बोललास, त्याला कधी तोंड उघडू दिलंस का? पोराला बोलायची संधी द्यायची, तर त्याच्या घशात मला कोंबलंस! माझ्यासारखी हजारो पोरं बुडवा, हजारो बाटल्या रिचवा, तुमच्या एकाच्याही अंगात धीर यायचा नाही. तो आमच्यापाशी कधी नव्हताच.

आता मी एलेउतेरिओच्या पोटात आहे. इथे काय दिसलं सांगू? शब्द. अक्षरशः ढीग पडलाय. ‘काका, मला नातिविदादशी लग्न करायचंय.’ ‘मी तिला रडवणार नाही.’ ‘माझ्याच विटांचं घर बांधीन, तिला हवी तिथे खिडकी ठेवीन.’ सगळे धडधाकट, एकही मोडका नाही. मी यायच्या कितीतरी आधीपासून इथेच आहेत. या खुळ्याला वाटतं, ते मी आणणार होतो!

वर शेवटचे पाव टोपलीत जातायत. टर्की फडफडतायत, आबुंदिओ टोपी शोधतोय. पण नातिविदाद आत गेलेली नाही. पडदा अजून तिच्या मुठीतच आहे.

एलेउतेरिओ, अरे बोल! ती उभी आहे अजून. मला तोंड उघडता येत नाही, मी मेलोय. तुला काय झालंय?