व्हर्लिनची घडी

कॅन्ससच्या कापलेल्या गव्हाच्या रानात आमची हौशी मंडळी रॉकेटं उडवतात. उडण्याआधी ती तपासायचं काम माझं. आमच्यातल्याच, हिवाळ्यात वारलेल्या व्हर्लिनने बनवलेलं शेवटचं रॉकेट त्याची बायको ओपल घेऊन आली. ते अलगद खाली यावं म्हणून आत असतं ते पॅराशूटसुद्धा त्यानेच घडी घालून भरून ठेवलेलं.

"ते काढून पुन्हा घडी घाल," मी म्हणालो. "इतके महिने दाबलेलं प्लास्टिक चिकटतं, उघडत नाही."

"त्याच्या हातची घडी आहे. हात लावायचा नाही!"

"अगं बाई, दगडासारखं पडेल!"

"पडू दे."

डोकंच फिरलं माझं. पण रान रिकामं होतं, कुणाला लागणार नव्हतं, म्हणून उडू दिलं. रॉकेट झकास चढलं, वर पोचल्यावर त्याच्या टोकाची टोपी उडाली, पॅराशूट बाहेर आलं ते मिटलेलंच.

रॉकेटचा चुराडा झाला. ढेकळांतून तेवढं पॅराशूट उचलून ओपलने छातीशी धरलं.

"बघ," ती म्हणाली, "घडी मोडली नाही."